एकसष्टपैकी एकसष्ट

महादेवराव: माह्यं नाव काटून टाका यादीतून, गुरुजी. मले त्या तालमीत नाई याचं.

अच्युत: यादी माझी नाही हो, गावाची आहे. पावसाळा पंधरा दिवसांवर आलाय. पूर आला तर शाळेत कसं पोचायचं याची तालीम शुक्रवारी घ्यायची, आणि खालच्या मोहल्ल्यातलं एकही घर गाळायचं नाही, असं ठरलंय.

महादेवराव: माह्या घरात हाय कोन आता? बुढी गेली. सून पोट्टीले घेऊन हिंगणीले, माहेरी. पोरगा स्वप्निल बुटीबोरीले कंपनीत. रविवारी येते, जेवते, निंगून जाते. रायलो मी अन् दोन बैल. बैलाचं नाव लिहिता का?

अच्युत: लिहितो की. गेल्या वर्षी तुम्ही बैल तर आधी काढले होते.

महादेवराव: हाव. बैलच काढले.

अच्युत: महादेवराव, तसं नव्हतं म्हणायचं मला. तोंडातून गेलं.

महादेवराव: जाऊ द्या. गाव तर तेवढं बी म्हनत नाई मले. गाव म्हनते सुनेनं केलं.

अच्युत: त्यासाठीच आलोय मी आज. यादी हे निमित्त. इथून मी हिंगणीला जाणार आहे, हर्षाकडे. तिची माफी मागायला.

महादेवराव: तुमी काऊन?

अच्युत: कारण पुराच्या दुपारी शाळेत हजेरीत मी तुमच्या देवकाबाईंचं नाव घेतलं, तेव्हा 'हाय' तिनं म्हटलं नव्हतं. मला तिथल्या तिथं कळलं होतं.

महादेवराव: टिनावर एवढा पाऊस पडून राह्यलाता. तुमाले कसं कळलं?

अच्युत: आवाज पुरुषाचा होता.

महादेवराव: कोनाचा?

अच्युत: ते तुम्ही सांगावं असं मला वाटतं. नाही सांगितलं तरी मी कोणाचं नाव घेणार नाही.

महादेवराव: घेतलं न आता. राह्यलं काय घ्याचं?

अच्युत: पाणी आणू का आतून?

महादेवराव: नको. म्याच म्हनलं, गुरुजी. व्हरांड्याच्या पायरीपाशी उभा होतो, बैलाचे कासरे हातात. तुमी पुकारलं, देवकाबाई. कोनी बोललं नाई. तुमी दुसऱ्यांदा पुकारलं. मले वाटलं हर्षा पोट्टीचे कपडे बदलून राह्यली असन, तिचं ध्यान नाई. चारही तालमीत सासूच्या नावाले तेच बोलली होती न. मंग म्या म्हनलं, हाय हाय, लावा.

अच्युत: आणि मी लावली खूण.

महादेवराव: वावरातून सीधा शाळेत आलतो मी. रस्त्यात कवडू भेटला. म्हने, खालचा मोहल्ला पुरा खाली झाला, सारे शाळेत गेले. म्हनलं, झालं, सुटलो. घराकडं वळलोच नाई. तिथून घर दोनशे पावलं होतं, गुरुजी. आता रोज चालतो मी ते. बैल पान्यावर नेतानी मोजतो.

अच्युत: त्या चार तालमींचं पाप माझं आहे. पहिल्या तालमीला देवकाबाईंना बोलवायला मी स्वतः आलो होतो. त्या म्हणाल्या, खोट्या पुरासाठी मी माझे खरे गुडघे दुखवणार नाही.

महादेवराव: हाव. तशीच होती ते. कोनाचंच ऐके नाई.

अच्युत: सगळे हसले. मीही हसलो. मग हर्षाला म्हटलं, सासूबाईंच्या नावाला तूच 'हाय' म्हण, यादी पूर्ण झाली पाहिजे. तालुक्याहून साहेब आले होते, फोटो काढायचा होता. एकसष्टपैकी एकसष्ट. निवृत्तीनंतर मी ज्या संस्थेसाठी गावोगाव या तालमी घेतो, तिच्या बैठकीत असं गाव दुसरं नाही म्हणून टाळ्या वाजल्या. ते मला फार आवडलं. पुढच्या तीन तालमींना मी देवकाबाईंच्या दाराशी गेलोसुद्धा नाही.

महादेवराव: ते तालमीचं झालं. पन खऱ्या दिवशी तुमाले आवाज कळला म्हनता. मंग हात काऊन नाई थांबला तुमचा?

अच्युत: थांबला होता.

महादेवराव: मंग?

अच्युत: चौतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली मी. फळ्यावर लिहीत पाठमोरा असलो, तरी दुसऱ्याच्या नावाला कोण 'हजर' म्हणालं ते कळायचं. उभं करायचो त्याला, सगळ्यांसमोर. त्या दिवशीही मी पेन उचलून वर पाहिलं. तुम्ही दिसलात. नवराच सांगतोय म्हटल्यावर त्या असतील, बायकांच्या खोलीत बसल्या असतील. खोली दहा पावलांवर होती. उठून बघायला हवं होतं. पण बचाव पथकाची बोट आली होती, त्यातला जवान दारात उभा होता. म्हणाला, कोणी राहिलं असेल तर सांगा, नाही तर पुढच्या गावाला निघतो, तिथं माणसं झाडावर आहेत. मी त्याला यादी दाखवली.

महादेवराव: अन् बोट गेली.

अच्युत: गेली.

महादेवराव: मी उभाच होतो तिथं. म्या बी पाह्यली जातानी. चांगलं वाटलं मले, का आपल्या गावाले गरज नाई पडली.

अच्युत: तुम्हाला कळलं केव्हा?

महादेवराव: खिचडी वाटली तवा. म्हनलं, ते भुकेली असन, सकाळपासून काई खाल्लं नसन. प्लेट घेऊन बायायच्या खोलीत गेलो. हर्षा दारातच भेटली. म्हने, मामाजी, आत्याबाईले कुठं बसवलं? म्या म्हनलं, तुह्यासंग आली न? पोरीच्या तोंडाचा रंगच उडाला. प्लेट माह्या हातातच होती. बोटीले फोन लावेपर्यंत घराची मागची भीत बसली होती.

अच्युत: पुढचं नका सांगू. पुढचं मला माहीत आहे.

महादेवराव: तुमाले पुढचं नाई माईत. तेरवीच्या दिवशी बाया अंगनात बसून बोलून राह्यल्या होत्या. सुनेनंच हाय म्हनलं, सासू-सुनेचं पटत नव्हतं, बुढीचं करून करून कंटाळली होती. मी आतमंदी होतो. सारं ऐकलं. उठलो नाई. मंग स्वप्निलनं माह्यासमोर तिले इचारलं, काऊन म्हनलं तू हाय? ते बोलली नाई. माह्याकडं पाह्यलं फक्त.

अच्युत: आणि तुम्ही?

महादेवराव: मी पानी प्यायले उठलो. आठ दिवसांनी ते बॅग घेऊन निंगाली. बसपर्यंत म्याच नेऊन देलं. तवा बी तोंड उघडलं नाई. पन तुमी तर शिकेल मानूस. तुमी दहा महिने काऊन चूप?

अच्युत: लाज वाटत होती. अहवालात मी लिहिलं, 'गर्दीत चुकीची नोंद झाली.' कोणाच्या सांगण्यावरून झाली ते लिहिलं नाही. मनाला समजावलं की म्हाताऱ्याची बायको गेली आहे, त्याच्यावर आणखी कशाला घालायचं. मोठं दयेचं काम केल्यासारखं वाटायचं. खरं एवढंच, की तुमचा आवाज सांगितला असता तर पाठोपाठ माझा हातही आला असता. हर्षाबद्दल गावात काय बोलतात ते मागच्या आठवड्यात सरपंचांकडून कळलं. तेव्हापासून तिकडं पिपरीत माझ्या घरी बसवेना.

महादेवराव: म्हनजे दोघंबी सारखेच निंगालो आपन.

अच्युत: सारखेच. चला माझ्याबरोबर हिंगणीला.

महादेवराव: माह्याच्यानं नाई होत.

अच्युत: मला सांगितलंत तसं तिला सांगायचं.

महादेवराव: तुमी बाहेरचे. तिच्या हातचं सात वर्ष जेवलो मी, गुरुजी. ते समोर आली तर मान वर नाई होनार माही.

अच्युत: मान खाली घालून सांगा. पण सांगा. तिच्या मुलीचं नाव आता शाळेत घालायचं आहे. कुठल्या गावात घालायचं, हे तिच्या आईला ठरवता येत नाहीये. ते आपल्या दोघांमुळे.

महादेवराव: एक सांगू? एकाच गोष्टीवर जीव टिकून हाय माहा. बुढी निंगालीच नसती. मी गेलो असतो तरी मले म्हनली असती, जा तू, मी आपलं घर सोडून शाळेत नाई झोपत. तालमीत उठली नाई, मंग खऱ्यात कायले उठते? जिद्दी होती. असं रोज म्हनतो मनाले, तवा कुठं डोळा लागते.

अच्युत: असेल तसंच.

महादेवराव: असेल नाई, होतंच. थांबा, टोपी घेतो. गाडी हळू चालवजा. मले मागं बसाची सवय नाई.

(हिंगणी. हर्षाच्या माहेरची ओसरी. दुपार.)

हर्षा: या मामाजी. सर, तुम्ही पण? बसा न. उन्हाचं निंघाले दोघं. ईरा, पाय बरं, कोन आलं. आबाजी आले तुहे.

महादेवराव: केवढी झाली व हे.

हर्षा: दहा महिने झाले, मामाजी. लेकरं वाढतात.

महादेवराव: स्वप्निल येते का इकडं?

हर्षा: फोन येते. पोरीशी बोलतात. मले एवढंच म्हनतात, ईराले दे.

महादेवराव: हर्षा, मी एक सांगाले आलो. गुरुजी, तुमी सांगा न सुरुवात करून.

अच्युत: नाही. माझं मी नंतर सांगेन. हे तुमचं आहे.

महादेवराव: पुराच्या दिवशी शाळेत... बुढीच्या नावाले हाय म्हनलं, ते म्या म्हनलं होतं.

हर्षा: माईत आहे मले.

महादेवराव: तुले माईत हाय?

हर्षा: मी नुकतीच पोचली होती, खोलीच्या दारात होती, ईरा कडेवर. सरांनी नाव पुकारलं तवा मी सांगाले समोर येऊन राह्यली होती, का आत्याबाई घरीच आहेत, कोनी तरी जा लवकर. पन व्हरांडाभर मानसं, पाय ठेवाले जागा नाई. तेवढ्यात तुमचा आवाज आला. मले इतकं बरं वाटलं, मामाजी. म्हटलं, आनलं यांनी. मी फिरली वापस.

महादेवराव: म्हनजे माह्या हायनं तुले बी थांबवलं.

हर्षा: हो.

महादेवराव: मंग स्वप्निलनं इचारलं तवा तू काऊन नाई बोलली?

हर्षा: तुमच्याकडे पाह्यलं होतं मी.

महादेवराव: हाव. अन् मी उठून गेलो.

हर्षा: मले वाटलं आज नाई तर उद्या सांगतीन. बायको गेली आहे, मानूस सावरला नाई अजून. मंग बसस्टँडपर्यंत तुम्ही आले, तवा वाटलं आता सांगतीन. तुम्ही तिकिटाचं विचारलं. इथं आली, तरी पहिला महिना रस्त्यावर गाडी थांबली का मी दारात येऊन पाहे. खोटं नाई बोलत, लय राग आला तुमचा. अजूनही येते. भाकर थापतानी येते, पोरीची वेनी घालतानी येते.

महादेवराव: मार मले. चार मानसासमोर मार. पन असं नको बोलू शांत.

हर्षा: मारून काय करू? अन् मले सांगून काय होते, मामाजी? मले तर त्याच दिवशी माईत होतं. ज्यायले माईत नाई त्यायले सांगा. आधी स्वप्निलले. मंग गावात, साऱ्यायसमोर.

महादेवराव: सांगतो. आज रातच्याला फोन लावतो त्याले. नाई, फोनवर नाई, उद्या जातो बुटीबोरीले. अन् शुक्रवारी गावात.

अच्युत: शुक्रवारी सगळं गाव शाळेत जमणार आहे. हजेरीच्या आधी महादेवराव त्यांचं सांगतील, मी माझं. हा कागद मी सोबत आणलाय, त्यात सगळं लिहून देतो. दोघांच्या सह्या करू. तोच पंचायतीत लावू आणि आमच्या संस्थेलाही पाठवू. आणि यापुढं ज्याचं नाव त्यानंच बोलायचं. ज्याला चालता येत नाही, त्याच्या घरी जाऊन माणूस डोळ्यांनी बघायचा, तालमीतसुद्धा.

हर्षा: हे आधी केलं असतं तर, सर.

अच्युत: हो. आधी करायला हवं होतं.

महादेवराव: ईरा काय म्हनते? कायले ओढून राह्यली?

हर्षा: मागं बकरीनं पिल्लू देलं परवा. तुम्हाले दाखवाचं आहे तिले. जा न, मामाजी, तेवढंच हात-पाय धुऊन घ्या. हौदात पानी आहे. मी चहा ठेवते.

महादेवराव: चाल व पोरी. पाहू तुहं पिल्लू.

अच्युत: हर्षा, ते आत येईपर्यंत माझं सांगून टाकतो. तुला दुसऱ्याच्या नावाला 'हाय' म्हणायला मीच शिकवलं. तुझ्यावर आळ आला तो त्यामुळं आला. तुझी माफी मागतो. उशीर झालाय, ते मला कळतंय.

हर्षा: तवा मलेही गंमतच वाटे, सर. तालीम संपली का घरी जाओ, आत्याबाई भाजी निवडत बसलेल्या. मले विचारत, काय व, वाचवलं का मले? मी म्हने, वाचवलं. मंग म्हनत, चाल मंग, चहा मांड. पटत नव्हतं आमचं म्हनतात लोकं. भांडत होतो न आम्ही, दोन बाया एका घरात भांडतीनच. पन पटत होतं.

अच्युत: मनात एकच येतं माझ्या. त्यांना कितीही सांगितलं असतं तरी त्या निघायला तयार झाल्या नसत्या. महादेवरावही येताना तेच म्हणत होते.

हर्षा: असं म्हनतात ते?

अच्युत: त्याच एका गोष्टीवर ते उभे आहेत. नव्हत्याच ना तयार?

हर्षा: दार लोटू का थोडं? आवाज जाते मागं.

अच्युत: लोट.

हर्षा: तयार होत्या, सर. सकाळी भोंगा वाजला तवाच धुतलेलं लुगडं नेसल्या. म्हने, आज तालीम नोय, आज जाव लागते. मी ईराले कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं त्यायले धरलं. गल्लीत गुडघ्याच्या वर पानी, दोन पावलं टाकली अन् त्या बसल्याच पान्यात. मंग त्याच म्हनाल्या, तू पोरीले घेऊन निंघ, लेकराले पयले ने. मी त्यायले घरात नेऊन खाटेवर बसवलं. औषधाची पिशवी मांडीवर घेतली त्याईनं. म्हने, माही फिकर नको करू, हे बैलबंडी घेऊन येतेच मले घ्याले. वावरातून आले का पयले घरीच येतीन.

अच्युत: पहिले घरीच.

हर्षा: तसंच म्हनाल्या. मी गल्लीच्या मोडावरून वळून पाह्यलं. दारातून त्या रस्त्याकडंच पाहून राह्यल्या होत्या. घाबरल्या नव्हत्या, सर. वाट पाहून राह्यल्या होत्या.

अच्युत: हे महादेवरावांना...

हर्षा: नाई माईत. म्हनून तर आली मी इथं. गावच्या बोलन्यापायी नाई आली. त्या घरात राह्यली असती तर एखाद्या दिवशी रागात माह्या तोंडातून निंघालं असतं. अन् मंग ते जगले नसते. मले त्यांचा राग आहे, पन एवढा नाई.

अच्युत: तू एकटीनं हे दहा महिने...

हर्षा: येऊन राह्यले ते. डोळे पुसा, सर.

महादेवराव: पिल्लू लय चांगलं हाय. कपाळावर पांढरा ठिपका. ईरा म्हने, आबाजी, तुमी इथंच राहा. म्हनलं, मी कायले राहू, तुमीच चाला. हर्षा, चालशीन का व?

हर्षा: आधी तुम्ही सांगून या. मंग स्वप्निल घ्याले आले तर पाहीन.

महादेवराव: बरोबर हाय. तसंच व्हाले पायजे. लिहिलं का गुरुजी सारं?

अच्युत: लिहितोय. तुमचं झालं, माझं चाललंय.

महादेवराव: हर्षा, एक शेवटचं इचारतो. मंग नाई इचारनार कधी. बुढी निंगाले तयार नव्हती न? नाईच म्हनली न ते?

हर्षा: चहा आनते आधी, मामाजी.

महादेवराव: खरं सांगजो.

हर्षा: नाईच म्हनाल्या, मामाजी. दोनदा म्हटलं मी, चाला. म्हने, मी कुठं जात नाई, माहं घर सोडून.

महादेवराव: पाहा. म्या म्हनलं नव्हतं? मी गेलो असतो तरी नसती आली. गुरुजी, तेवढं लिहा त्या कागदात. बुढी सोताच नाई म्हनली होती म्हनून.

अच्युत: लिहितो, महादेवराव.